मुक्या माराचा पुरावा

आमच्या घरमालकांसमोर "आज काय उकडतंय!" असं म्हणायची सोय नव्हती. ते लगेच ओटीवरच्या खांबाला टांगलेला तापमापक बघून यायचे आणि म्हणायचे, "बत्तीस. काल तेहतीस होतं. म्हणजे तुम्ही कालची तक्रार आज करताय." दिवेआगरला त्यांच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं भाड्याने राहिले. त्या सहा वर्षांत मला बिनपुराव्याचं एकदाही उकडलं नाही.

सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही सरच म्हणायचे. जवळच्या एका गावातल्या हायस्कुलात त्यांनी गणित आणि विज्ञान शिकवण्यात जन्म घालवला होता. मी त्याच शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन चारेक वर्षं झाली होती. उंच, काटकुळा माणूस. घरात पंचा, बाहेर पडताना पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक सहा इंची फूटपट्टी. काकडी फार मोठी झाली असं काकू म्हणाल्या की फूटपट्टी बाहेर. विहिरीत त्यांनी खुणा रंगवलेला एक बांबू सोडला होता आणि रोज सकाळी पाण्याची पातळी वहीत लिहायचे. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच शब्द असायचा, "पुरावा?" तो ते भांडणाच्या सुरात म्हणायचे नाहीत. वाण्याकडे सुटे मागावेत इतक्या सहज मागायचे.

काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. "आमटीत मीठ कमी आहे," असं सर म्हणाले की काकू शांतपणे विचारायच्या, "पुरावा?" मग सर मुकाट्याने जेवायचे.

चेष्टा पुरे. वादळात किनारपट्टीवरच्या वाड्या आडव्या झाल्या तेव्हा सरांच्या सुपारीच्या बागेतली अर्धी पोफळ गेली होती. पण स्वतःच्या वाडीकडे न बघता हा माणूस आठ दिवस टेप आणि वही घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाड्यांतून फिरला. पंचनाम्याला येणाऱ्यांनी कुणाचं एकही झाड सोडू नये, एवढ्यासाठी त्यांनी पडलेलं एकूण एक झाड लिहून काढलं. पंचनामा त्या वहीबरहुकूम झाला. म्हणून मला त्यांचा राग आला तरी तो फार दिवस धरवायचा नाही.

राग यायचा, हे मात्र खरं. शाळेत त्यांची एक गोष्ट सगळे हसत हसत सांगायचे. "सर, डोकं दुखतंय, घरी जाऊ?" असं एखादा म्हणाला की सर त्याला फळ्यापाशी उभा करायचे आणि सतराचा पाढा म्हणायला लावायचे. पाढा आला, तर डोकं ठणठणीत आहे, बस खाली. नाही आला, तर अभ्यास केलेला नाही, उभा राहा. या परीक्षेतून डोकेदुखी शाबूत घेऊन कुणी घरी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही हसले होते.

पुढे ती माझ्यावरच बेतली. मला अर्धशिशी आहे. एका रविवारी खिडक्या लावून, कपाळावर ओला रुमाल ठेवून पडले होते. सर पंपाचं काही विचारायला आले. काकूंनी बाहेरच अडवलं. "बाईंचं डोकं दुखतंय."

"पुरावा?" दाराबाहेरून आवाज आला.

माझं टाळकं सरकलं. मी आतूनच ओरडले, "सर, डोकंच काढून देते. उघडून बघा, आणि संध्याकाळपर्यंत परत आणून द्या!"

मग सर अगदी मनापासून म्हणाले, "तशी सोय असती तर बरं झालं असतं." थोड्या वेळाने काकू सुंठेचा लेप घेऊन आल्या. तो सरांनी उगाळला होता, हे मला नंतर कळलं.

आमच्या बाजूला म्हणतात, नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही. सरांना या समजुतीची चीड होती. "ज्याच्या डोक्यावर पडला तो सांगायला येत नाही. बाकीचे म्हणतात, पडतच नाही," असं ते दर पाहुण्याला ऐकवायचे. आणि एका सकाळी, दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते, ते वाडीत पाटाचं पाणी वळवत उभे असताना वरून नारळ आला. आधी झावळीवर आदळला, मग सरांच्या खांद्यावर, आणि जाता जाता डाव्या कानाच्या वर डोक्याला लागून गेला. मधे झावळी होती म्हणून माणूस वाचला.

आवाज ऐकून काकू आणि मी धावलो. सर चिखलात बसले होते आणि नारळ मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत होते. आमच्याकडेही त्यांनी जरा वेळ अनोळखी माणसांकडे बघावं तसं बघितलं. मग म्हणाले, "नारळाला डोळे नसतात. सिद्ध झालं."

मला हसू फुटलं. काकूही हसल्या. आम्ही त्यांना धरून ओटीवर आणलं, पाणी दिलं. पाणी पिऊन सर म्हणाले, "नारळाला डोळे नसतात. सिद्ध झालं." अगदी आत्ताच सुचल्यासारखं. पाच मिनिटांनी त्यांनी तेच तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा काकूंनी माझा दंड घट्ट धरला.

माणगावला नेऊन सीटी स्कॅन केला. रिपोर्ट नॉर्मल. कवटी शाबूत, आत रक्तस्राव नाही. "मुका मार आहे, आराम करा," असं सांगून घरी पाठवलं. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. दिसणारं काही नव्हतंच.

पण सर पहिल्यासारखे राहिले नाहीत. उजेड सहन होईना, म्हणून घरातही काळा गॉगल. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात. वर्तमानपत्राच्या चार ओळी वाचल्या की अक्षरं हलायला लागायची. विहिरीची पातळी बघून वहीपर्यंत येईतो आकडा विसरलेला असायचा. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस, चहा गार झाला म्हणून कप आपटून उठला. आणि ओटीवर येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा. "रिपोर्ट नॉर्मल आहे ना, सर? मग झालं तर. मनाला लावून घेऊ नका. फिरा जरा."

सर ती सीटी स्कॅनची फिल्म खिडकीला लावून, गॉगल घालून, तासच्या तास बघत बसायचे. एकदा मी भाजी द्यायला आत गेले तेव्हा ते काकूंना विचारत होते, "मी नाटक तर करत नाहीये ना गं? रिपोर्टप्रमाणे मी बरा आहे." काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या क्षणी त्या माणसाची जेवढी दया आली तेवढी कधीच आली नव्हती. त्यांना बरं व्हायचं होतंच. पण त्याआधी आपण आजारी आहोत हे सिद्ध करायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं.

काकूंची भाची मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नोकरीला होती. तिने कळवलं की तिथे अशाच मुक्या मारावर, कन्कशनवर, संशोधन चाललंय. मार लागलेल्या लोकांना सहा महिन्यांत तीनदा बोलावतात आणि खास प्रकारचा एमआरआय काढतात. हे ऐकल्यावर सर कित्येक दिवसांनी ताठ बसले. "म्हणजे आतलं दिसतं?" त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत? मी "हो" म्हणून टाकलं.

जायला गाडी ठरवली ती रघूची. हा शेजारच्या बोर्लीचा, चाळिशीला आलेला, सरांचाच जुना विद्यार्थी. नववीत शाळा सोडलेली. "ढ नव्हता, नाटकी होता," सरांनी मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. रघू मात्र सरांना दाराशी बघितलं की अजून पायातल्या चपला काढायचा. काकूंना गाडी लागायची, म्हणून सोबतीला मी. सरांच्या डोळ्यांवर गॉगल, गॉगलवर टॉवेल, आणि प्रत्येक गतिरोधकाला रघू गाडी अशी अलगद चढवायचा की टोपलीत अंडी ठेवली असती तरी फुटली नसती.

तिथली डॉक्टर तरुण होती, बोलायला साधी. तिने सरांना नीट समजावलं. साध्या स्कॅनमध्ये मोडतोड दिसते, रक्त दिसतं. पण मेंदूत एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाणारे बारीक धागे असतात. ते हिसक्याने ताणले गेले तर दिसत नाहीत. हे मशीन त्या धाग्यांच्या कडेने पाणी कसं सरकतं ते मोजतं. सर लगेच म्हणाले, "पाट फुटला की पाणी पोफळीला न जाता इकडे तिकडे पसरतं, तसं?" डॉक्टर म्हणाली, "अगदी तसं, सर." सरांचा चेहरा उजळला. मग तिने सांगितलं की आत झोपल्यावर आकड्यांचं एक सोपं काम देऊ, तेव्हा मेंदूचा कुठला भाग किती राबतो तेही दिसतं. आणि दहा मिनिटं काहीही न करता नुसतं पडून राहायचं. एकाला पंधरा दिवसांत बरं वाटतं, दुसऱ्याला सहा महिने लागतात. आणि बरं वाटलं म्हणजे आतूनही सगळं बसलेलं असतं का? हेच त्यांना शोधायचं होतं.

कुकरच्या शिट्टीला कान झाकणारा माणूस त्या ठोकठोक करणाऱ्या नळकांड्यात पाऊण तास हालचाल न करता पडून राहिला.

रघू आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. समोर भिंतीवर मराठीत तक्ता होता. मार लागल्यावर काय काय होतं त्याचा. रघूने तो वाचला. मग उठून, जवळ जाऊन पुन्हा वाचला.

"बाई," तो म्हणाला, "ह्ये समदं मना झालं व्हतं."

"कधी?"

"नववीत. बाबासंगती सुपाऱ्या पाडाया जायचो. पोफळीवरनं पडलो. रक्त न्हाय, काय न्हाय. पन मंग वर्गात फळा नुसता हलायचा. डोकं असं ठणकायचं, काय सांगू? सरांना सांगितलं. सर म्हनाले, सतराचा पाढा म्हन." तो हसला. "यायचा मना, पन तवा मधेच सुटायचा. रोज उभा. मंग गेलोच न्हाय शाळंत."

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच मला संताप आला. मी शाळेत ज्या गोष्टीला हसले होते ती याची होती. आत जाऊन, ते मशीन थांबवून, सरांना बाहेर ओढून काढावं असं वाटलं. पण ते बाहेर आले ते पांढरेफटक पडून, भिंतीला धरून. मी उठून त्यांना हात दिला.

परतीच्या वाटेवर पनवेल मागे पडल्यावर सर टॉवेलाखालून बोलले. "आकडे लक्षात राहत नव्हते. दोन आकड्यांपूर्वी कुठला होता एवढंच सांगायचं, बटण दाबून. मला येईना. मग म्हटलं, निदान पाढा म्हणून बघू. सतरा सक एकशे दोन. पुढे काही आठवेना."

मग रघू समोर रस्त्याकडे बघत हळूच म्हणाला, "एकशे एकोणीस, सर."

"हं," सर म्हणाले, आणि टॉवेल आणखी खाली ओढून घेतला.

तीन महिन्यांनी दुसरी फेरी झाली. तोवर सर बरे होत चालले होते, पण पायरी पायरीने. आधी कुकर सहन व्हायला लागला. मग वर्तमानपत्राचं एक पान. नुसतं पडून राहायच्या दहा मिनिटांत आपण काय केलं ते त्यांनी डॉक्टरला प्रामाणिकपणे कबूल केलं, "मी वाडीत फिरून आलो. विहिरीपासून सुरुवात केली, एकेक झाड घेत गेलो. मागच्या खेपेला चौथ्या ओळीत चुकलो होतो. आज कुंपणापर्यंत पोचलो." आपल्यामुळे प्रयोग बिघडला असं त्यांना वाटत होतं. ती म्हणाली, "रिकामं मन कुणाचंच राहत नाही, सर. ते कुठे भटकतं आणि कसं, तेच तर बघायचं असतं."

पुढे ते पूर्ण बरे झाले, हे आताच सांगून टाकते. माझी बदली किहीमच्या बाजूला झाली, पण अधूनमधून फोन होतो. विहिरीतला बांबू अजून आहे आणि पातळी अजून वहीत जाते. पण काकू सांगतात, कुणी दुखतंय म्हणालं तर आता ते फक्त "कुठे?" असं विचारतात. हे कशाने झालं ते मी तिसऱ्या फेरीच्या दिवशी पाहिलं.

मे महिना होता. तपासण्या संपल्यावर डॉक्टरने पडद्यावर सरांच्या मेंदूची चित्रं दाखवली. निळे, हिरवे, तांबडे धागे. आम्ही बघतच राहिलो. सरांनी खिशातली फूटपट्टी नकळत हातात घेतली होती.

"यातलं एक मला द्या," सर म्हणाले. "मार दिसतो ते. गावात दाखवायचंय."

"चित्र देते, सर. पण 'हा बघा मार' म्हणून त्यावर बाण काढून देता येणार नाही मला. खूप जणांची चित्रं एकत्र ठेवली की फरक कळतो. एकट्या माणसाचं चित्र बघून ठाम सांगावं, इतकं हे अजून पुढे गेलेलं नाही."

"म्हणजे माझ्यापुरता पुरावा नाही."

"नाही."

मला वाटलं, आता माणूस खचला. पण सर मास्तरच ते. त्यांनी विचारलं, "मग गेले सहा महिने तुम्ही मला आजारी कशावरून धरलंत?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, अक्षरं हलतात. मी लिहून घेतलं. इथे सगळे तसेच येतात. आधी माणूस सांगतो. मशीनचं काम त्याच्यानंतर."

"नुसतं सांगितलं म्हणून?"

"हो."

सरांनी चित्राची गुंडाळी घेतली, डॉक्टरला नमस्कार केला आणि गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसले. वडखळला रघूने चहाला थांबायचं का विचारलं, तर नुसता हात हलवला. खाडीकडून खारा वारा येत होता. नागोठणं यायच्या थोडं आधी ते म्हणाले, "रघू, नववीत असताना तू पोफळीवरून पडला होतास."

"व्हय, सर."

"डोकं दुखतं म्हणायचास."

"व्हय."

"किती दिवस दुखलं?"

"शिमग्यापत्तुर. मंग गेलं आपसूक."

"गाडी बाजूला घे."

रघूने गाडी थांबवली. सर उतरले, म्हणून तोही उतरला. मी आतच बसून राहिले. खिडकी उघडी होती. ट्रक जात होते, आणि त्या आवाजात सर त्याच्यासमोर हात खाली सोडून उभे होते, शिक्षा झालेल्या मुलासारखे. "तू खरं सांगत होतास," ते म्हणाले. "मी ऐकायला हवं होतं. ऐकलं नाही. तुझी शाळा माझ्यामुळे सुटली. चूक माझी आहे."

रघू गोंधळून इकडे तिकडे बघायला लागला. "जाऊ द्या हो सर. लय वर्सं झाली." मग तो गाडीकडे वळला, दाराला हात लावला, आणि तिथेच थांबला. "सर, येक सांगू? माझ्या आयेला सांगाल का ह्ये? तवा तुमी घरी आला व्हता. पोरगा नाटक करतो म्हनालात. तिनं मारला व्हता मना. तिला अजून तसंच वाटतं."

"चल," सर म्हणाले.

आम्ही दिवेआगरला न जाता सरळ बोर्लीला गेलो. ऊन उतरलं होतं. रघूची आई अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं गोळा करत होती. सरांना बघून तिने पदर डोक्यावर घेतला आणि घाईने खुर्ची आणायला निघाली. "बसणार नाही," सर म्हणाले, आणि उभ्याउभ्याच, एकही शब्द न गाळता, रस्त्यात जे बोलले तेच तिला सांगितलं. पोराने नाटक केलं नव्हतं. त्याच्या डोक्याला मार लागला होता. मी चुकीचं सांगितलं होतं.

म्हातारीला एकदम कळलं नाही. तिने सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मुलाकडे वळून रागानेच म्हणाली, "मंग तवाच बोलला का न्हाईस रे?"

"बोललो व्हतो, आये."

सरांनी मान खाली घातली. म्हातारीने कोकमाने लाल झालेली बोटं लुगड्याला पुसली आणि रघूजवळ गेली. तिचा हात पोचेना, तशी त्याने मान वाकवली.

"कुटं लागलं व्हतं?"

रघूने तिचा हात धरून कानामागे ठेवला. तिने तो तिथेच दाबून ठेवला.

"लय दुखत व्हतं?"

"व्हय," रघू म्हणाला.